जंगल राखायचं, पण गाव म्हणजे कोण?

(दिवेआगरच्या किनाऱ्यावर भरलेल्या तरुणांच्या शिबिरातलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय, थोडी काटछाट करून.)



सकाळी किनाऱ्यावर फिरताना आपल्यातल्या एका दोस्तानं मला टोकलं. म्हणाला, "यार, आपल्या शिबिरात जंगलाचा विषय कशाला? झाडं लावायला मंत्री आहेत, शाळेतली पोरं आहेत, फोटोवाले आहेत. आपण अत्याचारावर बोलू, राखीव जागांवर बोलू, बेकारीवर बोलू." त्याचं म्हणणं खोटं नाही. मलाही हाच प्रश्न पडला होता. मी डॉकवर माल उचलतो आणि रात्री कविता लिहितो. माझ्या एकाही कवितेत झाड नाही. मराठीत झाडांवर ज्या कविता झाल्या त्यातल्या बऱ्याचशा सावलीत बसून झाल्या. आमच्या आयाबायांनी झाड बघितलं ते डोक्यावर, मोळी म्हणून. सावली कुणाच्या वाट्याला आली आणि वजन कुणाच्या, हे काय मी तुम्हाला सांगायला पाहिजे?

तेव्हा मी झाडावर बोलणार नाही. झाडाच्या कागदावर बोलणार आहे.

सध्या जगभर एक भाषा चालू आहे. शाश्वत वनव्यवस्थापन, जैवविविधतेचं संवर्धन, लोकसहभाग, नियोजन. सगळे शब्द कडक इस्त्रीचे. १९९२ साली रिओला देशोदेशीचे लोक बसले, जैवविविधतेचा करार झाला. त्याला धरून भारतानं २००२ साली कायदा केला. हे शब्द वाईट आहेत असं मी म्हणत नाही. जंगल राहिलं पाहिजे, झरा वाहता राहिला पाहिजे, यात आपलं कुणाशी भांडण नाही. झरा आटला की हंडा घेऊन आधी आपलीच बाई लांब जाते. आपलं भांडण आहे ते आराखड्याशी. आराखडा म्हणजे तरी काय? कुठली जागा राखायची, कुठली तोडायची, आत कुणी जायचं, बाहेर कुणी राहायचं आणि राबायचं कुणी, हे आधी कागदावर ठरवून ठेवणं.

कागदाची ताकद मला डॉकवर कळली. तिथं टॅली क्लार्क वही घेऊन उभा असतो. एकेक गोणी मोजली जाते. गोणी फाटली तर नोंद होते. पाठ फाटली तर होत नाही. संध्याकाळी वहीत माल पूर्ण असतो आणि माल उचलणारा माणूस कुठंच नसतो. जंगलाचं नियोजन असंच चाललंय. झाडं मोजली, पक्षी मोजले, कासवाची अंडी मोजली. आपण कुठं आहोत?

ह्या गावापासूनच सुरुवात करू. दिवेआगरला कागद नवा नाही. इथला एक ताम्रपट आहे, शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. मराठीतल्या अगदी जुन्या लेखांत त्याची गणती होते. म्हणजे साडेनऊशे वर्षांपूर्वी इथले व्यवहार तांब्यावर कोरून ठेवत होते. पण त्या काळी वाडीला पाणी कोण लावत होतं, सुपारीच्या झाडावर कोण चढत होतं, ते कुणी कोरून ठेवलं नाही. १९९७ साली इथल्याच वाडीत जमिनीखाली सोन्याचा गणपती सापडला आणि गाव नकाशावर आलं. २०१२ साली तो चोरीला गेला, राखणीला असलेले दोन माणसं मारली गेली. सोनं सगळ्यांच्या ध्यानात आहे. त्या दोन पहारेकऱ्यांची नावं इथं बसलेल्यांपैकी किती जणांना येतात? राखणारा मरतो आणि राखलेली वस्तू बातमी होते. जंगलाच्या राखणीतही हाच हिशोब आहे.

आता किनाऱ्याकडे बघा. सकाळी ज्या उंच, सुईसारख्या पानांच्या झाडांखालून आपण चाललो, ते सुरू. सुरू हे कोकणचं झाड नाही. आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवरून ते आलं. भराभर वाढतं, सरळ वाढतं, वारा अडवतं, लाकूड देतं, म्हणून किनाऱ्यावर रांगांनी लावलं. कागदावर हिरवं दिसतं ना! पण त्याच्या खाली सुयांचा जाड थर पडतो, त्यातून दुसरं फारसं काही उगवत नाही. वाळूच्या अगदी पुढ्यात दाट लावलं तर अंडी घालायला वर येणाऱ्या कासविणीला जागा राहत नाही. ह्या वाळूची मूळची माणसं वेगळी होती. झाडांना मी माणसं म्हणतोय, हसू नका. पुढ्यात मर्यादवेल, वाळूवर पसरून तिला धरून ठेवणारी. तिच्यामागं केवडा, मुळ्यांचे टेकू देऊन उभा राहणारा. त्याच्यामागं उंडी, भेंडी, करंज. उंडीच्या बियांचं तेल होड्यांना लावत, दिव्यात जाळत. प्रत्येकाचं काम वेगळं आणि एकावर दुसरा उभा. आराखड्यानं ही वस्ती बाजूला सारली आणि एकाच जातीचं झाड रांगेत उभं केलं. एकाच जातीच्या हातात सगळं दिलं की काय होतं, हे आपल्याला झाडांकडून शिकायची गरज नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ ह्याच पट्ट्यात जमिनीवर आलं. ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरचा वारा, झोत त्याहून मोठे. सुरू पडले. वाड्या झोपल्या. श्रीवर्धनी रोठा म्हणून जिचं नाव, ती सुपारी काडीसारखी मोडली. नवी सुपारी लावली तर फळ धरायला सात-आठ वर्षं लागतात. वाडीवाल्याचं दुःख खोटं नव्हतं. भरपाई आधी हेक्टरी धरली, मग ओरड झाली तेव्हा झाडामागं धरली. कारण इथल्या वाड्या गुंठ्यागुंठ्यांच्या, हेक्टरात काय मिळणार! ठीक झालं. पण भरपाई मिळते ती सातबाऱ्यावर. सुपारी पाडणारा, सोलणारी, आगरात पाणी लावणारा, ह्यांच्या नावावर झाड नाही. झाड पडलं तेव्हा त्यांची सात-आठ वर्षांची मजुरीही पडली. ती कुठल्या पंचनाम्यात आली? पंचनाम्यात पाच माणसं सह्या करतात, आणि त्या पाचांत सहावा कधी नसतो.

हे आजचंच आहे असं समजू नका. १९२७ हे साल आपल्याला पाठ आहे. २० मार्चला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. ते महाड इथून लांब नाही, ह्याच जिल्ह्यात आहे. पण त्याच वर्षी, ह्या दोन तारखांच्या मधे, सप्टेंबरात, एक कायदा झाला, भारतीय वन कायदा १९२७. मार्चमध्ये आपण म्हणालो, पाणी सगळ्यांचं. सप्टेंबरात सरकार म्हणालं, जंगल सरकारचं. राखीव जंगलात गुरं चारणं गुन्हा, लाकूड काढणं गुन्हा, नुसतं परवानगीवाचून शिरणं गुन्हा. इंग्रज गेला, संस्थानं गेली, कायदा राहिला. मनुस्मृती जाळून झाली. ह्या दुसऱ्या पोथीकडे आपलं लक्षच गेलं नाही.

ज्यांचं गेलं ते आदिवासी होते, आगरी होते, शेतकरी होते. २५ सप्टेंबर १९३० ला ह्याच जिल्ह्यात, उरणजवळ चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांनी गोळ्या घातल्या, आठ सत्याग्रही मेले. त्यांत नाग्या महादू कातकरी होता. कातकरी म्हणजे खैराच्या लाकडातून कात काढणारा. नावातच जंगल. त्याच जमातीला जंगलात शिरायला बंदी आली, मग कोळशाच्या भट्ट्यांवर आणि वीटभट्ट्यांवर उचल घेऊन राबणं आलं. आज रायगडातल्या कितीतरी कातकरीवाड्यांच्या घराखालची जमीनसुद्धा त्यांच्या नावावर नाही. नाग्या हुतात्मा झाला, त्याची वाडी अतिक्रमण झाली.

आता दुसरी बाजू. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड हा मुलूख १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या नवाबाचा. मुरूडजवळचं फणसाडचं जंगल त्याचं शिकारीचं रान. १९८६ साली ते अभयारण्य झालं. तिथं शेकरू आहे, बिबट्या आहे, मोठी झाडं आहेत. ते वाचलं हे चांगलंच झालं, मी त्याला नावं ठेवत नाही. पण गंमत बघा. मजेसाठी मारणारा होता तो नवाब, त्याच्या शिकारीच्या हद्दीला आज आपण संरक्षण म्हणतो. आणि चुलीसाठी सुकी काटकी उचलणारी चोर.

माझी आजी म्हसळ्याकडची. जंगलातून मोळी आणायची. एकदा खाकीतल्या एका माणसानं तिला वाटेत धरली. मोळी ठेवून घेतली, कोयता ठेवून घेतला. मोळीचं तिला काही वाटलं नाही, दुसऱ्या दिवशी दुसरी झाली असती. कोयत्यासाठी ती मरेपर्यंत शिव्या देत होती. लोहाराकडून उधारीवर करून घेतलेला होता तो. ह्या आजीला चाळीसेक पाल्यांची नावं यायची. कुठला पाला तापाला, कुठला गुरांना, कुठला कंद कडू आणि किती वेळा उकडला की खाता येतो. तिला कुणी कधी काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "परवाना कुठंय?"

२००६ साली वनहक्क कायदा आला. जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला, असं त्या कायद्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय. आदिवासी संघटनांनी लढून मिळवलेला कायदा, त्यांना सलाम. पण त्यात आपण कुठं बसतो ते वाचा. अनुसूचित जमातीच्या माणसानं १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून तिथं असल्याचं दाखवायचं. बाकी सगळे 'इतर पारंपरिक वननिवासी', त्यांनी तीन पिढ्यांचं, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचं वास्तव्य दाखवायचं. जंगलाच्या कडेला पिढ्या काढलेला महार, चांभार, मांग ह्या 'इतर'मध्ये. हिशोब करा. पंचाहत्तर वर्षं म्हणजे १९३० चा पुरावा. ज्या काळात आपल्या आज्याला शाळेच्या उंबऱ्याबाहेर बसवत होते, त्या काळचा कागद आज त्याच्या नातवानं आणायचा. आणि हेही ऐका, २००८ च्या नियमांत तेराव्या नियमाखाली गावातल्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाबसुद्धा पुरावा म्हणून धरलाय. ही ओळ किती जणांना माहीत आहे? आपल्याला माहीत नाही म्हणून टेबलामागचा माणूस कागदच मागतो आणि दावा फेटाळतो. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं दावा फेटाळलेल्यांना जंगलातून काढायचा हुकूम दिला होता. लाखो घरांवर कुऱ्हाड आली. देशभर आरडाओरडा झाला, पंधरा दिवसांत कोर्टानं स्वतःच त्या हुकमाला स्थगिती दिली. कोर्टात गेलेल्या काही संस्था वन्यप्राण्यांच्या बाजूनं बोलत होत्या. वाघाला वकील मिळतो. मिळू दे. पण माणसाला वाघाच्या विरुद्ध उभं करणारा आराखडा वाघालाही वाचवत नाही, कारण राखणारे हात तुम्ही आधीच शत्रू करून टाकलेत.

इथपर्यंत आपले पुरोगामी मित्र टाळ्या वाजवतात. म्हणतात, बरोबर, सरकारचं जंगल गावाच्या हातात द्या. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं नाव घेतात. घ्यायलाच पाहिजे. २००९ साली अठराशे हेक्टरांवरच्या जंगलाचा सामूहिक हक्क त्या गोंड गावानं मिळवला. २०११ साली स्वतःचा बांबू स्वतःच्या ग्रामसभेच्या पासावर विकला. कुठला बांबू तोडायचा, कुठला ठेवायचा, ते गाव बसून ठरवतं. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसतं. मी त्या गावापुढे मान लववतो.

पण मित्रांनो, मेंढ्यात वाडे वेगळे नाहीत. आपल्या गावात आहेत. कोकणातलं गाव म्हणजे गावकी. गावकी देवळात बसते. आपला वाडा ओढ्यापलीकडे. रायगड जिल्ह्यातून वाळीत टाकल्याच्या इतक्या तक्रारी आल्या की महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. आपल्याच जातीच्या माणसाला वाळीत टाकणारी ही गावकी उद्या जंगलाची मालक झाली तर आपली मोळी सोडेल? सरकारच्या हातातलं जंगल मला नको आहे. पण गावकीच्या हातातलंही नको आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याबद्दल जे सुनावलं ते पुष्कळांना अजून झोंबतं. ते खेड्याच्या मातीवर बोलले नव्हते, खेड्याच्या सत्तेवर बोलले होते. आणि ते नुसतं 'खेडं सोडा' म्हणून थांबले नाहीत. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे १९४७ चं निवेदन वाचा. सरकारकडची पडीक जमीन एका वसाहत मंडळाच्या ताब्यात द्या आणि तिच्यावर अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहती उभ्या करा, असं त्यांनी मागितलं होतं. १९४२ ते ४६ मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या पाण्याच्या नियोजनात ह्या माणसाचा हात होता. नियोजन हा आपला विषय नाही असं कोण म्हणतो? आपल्या बापाचाच विषय आहे तो.

म्हणून माझा प्रश्न एकच. आराखड्यात 'गाव' असं लिहिता, 'लोकसहभाग' लिहिता, तर गाव म्हणजे कोण?

कायद्यात ह्याचं थोडंसं उत्तर आहे. ते आपण वाचलेलं नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती करायला सांगितली. २००४ च्या नियमांत लिहिलं, समितीत किमान एक तृतीयांश बाया आणि किमान अठरा टक्के अनुसूचित जाती-जमातीचे. ह्या समितीनं गावातल्या लोकांशी बोलून 'लोक जैवविविधता नोंदवही' करायची. गावात झाडं कुठली, पालं कुठली, मासे कुठले, बी-बियाणं कुठलं, कुणाला काय माहीत आहे. म्हणजे माझ्या आजीचे चाळीस पाले लिहायची वही! पंधरा-सोळा वर्षं बहुतेक ठिकाणी कुणी ती वही उघडली नाही. मग २०१९ साली हरित लवादानं दम भरला, ३१ जानेवारी २०२० पर्यंत नोंदवह्या पुऱ्या करा, नाहीतर राज्यानं महिन्याला दहा लाख भरायचे. झालं! देशभर वह्यांचा पाऊस पडला. घाईत भरलेल्या, एकीवरून दुसरी उतरवलेल्या. लोकांची वही, लोकांना पत्ता नाही.

मला महाड आठवतं. १९२३ साली कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद पक्का होता. पण पाण्याला हात लागला तो १९२७ ला, बाबासाहेब तळ्याच्या पायऱ्या उतरले तेव्हा. आणि हात लागला म्हणून त्यांनी एकशेआठ घागरी पंचगव्य ओतून तळं शुद्ध केलं. ठराव असणं आणि ओंजळ भरणं यांत तीन वर्षं आणि एक सत्याग्रह होता. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. आज नोंदवही खुली आहे, समिती खुली आहे. ओंजळ कुणी भरली?

आता एक अवघड गोष्ट बोलतो. गिधाडाची.

म्हसळा तालुक्यात चिरगावला गिधाडं घरटी करतात. महाडच्या सिस्केप संस्थेनं तिथं बरंच काम केलंय, गावकरीही बरोबर आहेत. गिधाडं का संपली? गुरांना डायक्लोफेनॅक नावाचं दुखणं मारायचं औषध द्यायचे. असं गुरू मेलं आणि गिधाडानं खाल्लं की त्याचे मूत्रपिंड निकामी. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात शंभरात एकसुद्धा उरली नाहीत. २००६ साली गुरांसाठीचं ते औषध बंद केलं. गिधाड हवंच. ते नसलं की मढी सडतात, कुत्री माजतात, रोग पसरतात. आता गिधाडांना खायला मेलेली गुरं एका जागी नेऊन टाकतात, बरोबर आहे. पण मेलेलं ढोर म्हटलं की माझ्या पोटात काहीतरी हलतं. हजारो वर्षं ह्या देशात मेलेलं ढोर साफ करणारे दोघे होते. एक आकाशातून यायचा, एक ओढ्यापलीकडून. पहिला संपत आला तेव्हा शास्त्रज्ञ रडले. दुसऱ्याला गावानं विटाळ म्हटलं. महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्याचं मांस सोडा. आपण सोडलं. भूक सोसली, मार खाल्ला, पण सोडलं.

तर मी आराखडेवाल्यांना सांगतो, ढोर नेऊन टाकायचं काम तुमच्या योजनेत येणार असेल तर ते जातीनं यायचं नाही. गाडी, हातमोजे, पगार, विमा यांच्यासकट यायचं, आणि कुठल्याही आडनावाच्या माणसानं करायचं. जोशीसाहेब करणार असतील तर मी दुसऱ्या टोकाला हात लावीन. निसर्गाचं चक्र म्हणून आमची जुनी गुलामी कुणी परत आणू नये. 'परंपरागत ज्ञान' हा शब्द ऐकला की मी सावध होतो. ज्ञान आमचं, ते आम्ही लिहू. परंपरा तुमची, ती तुम्ही सांभाळा.

आणि कासव. दिवेआगर, हरिहरेश्वर, पलीकडे रत्नागिरीत वेळास, इथं ऑलिव्ह रिडले माद्या रात्री वाळूवर येतात, खड्डा करून शंभरेक अंडी घालून जातात. वेळासला पूर्वी लोक अंडी उकरून खायचे, विकायचे. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं तिथं काम सुरू केलं. अंडी काढणारे हातच अंडी राखायला लागले. हे मला पटतं. बंदूक नाही, दंड नाही, त्याच माणसाला काम. ओडिशात २०२१ साली खूण केलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालायला आली. अख्ख्या हिंदुस्थानाला वळसा घालून! तिला कुणी पंचाहत्तर वर्षांचा पुरावा मागितला नाही.

पण इथंही विचारतो. कासवं बघायला पाहुणे येतात, घराघरात उतरतात, पैसा येतो. उद्या आपल्या बौद्धवाडीतल्या घरात पाहुणा उतरेल? भाकरी कुणी थापली ते विचारणार नाही? कासवाला रात्री जागून राखणारा पोरगा सहा महिने मानधनावर आणि सहा महिने मुंबईला वॉचमन. ह्याला शाश्वत म्हणायचं?

आता बाहेर पडताना काय घेऊन जायचं ते सांगतो.

एक, किनाऱ्याचा आराखडा वाळूपासून सुरू करा. पुढ्यात मर्यादवेल आणि केवडा, मागं उंडी-भेंडी-करंज, सुरू लागलाच तर अगदी मागं. हॉटेलवाल्याचा दिवा आणि भिंत कासवाच्या वाटेवर नको.

दोन, डोंगरावर मालकीचं जंगल ठेकेदार सरपणासाठी सपाट तोडतो. तो परवान्यानं तोडतो म्हणून साव, आणि मोळीवाली चोर, हे बंद. कुठली बाई कुठल्या रानातून किती सरपण आणते ते आराखड्यात हक्क म्हणून लिहा, सवलत म्हणून नाही.

तीन, समितीत अठरा टक्के म्हणजे सहीपुरता एक माणूस नव्हे. सभा देवळात भरणार नाही, शाळेत किंवा पंचायतीच्या हॉलमध्ये भरेल.

चार, राखणीचं काम म्हणजे काम. रोप लावणं, वणवा विझवणं, घरटं राखणं, याला बारमाही मजुरी. रोजगार हमीचा कायदा ह्याच महाराष्ट्रानं १९७७ साली केला होता, तेव्हा कामाचा हक्क काय असतो ते आम्हाला शिकवू नका. आणि वादळात झाड पडलं तर मालकाबरोबर मजुराचाही पंचनामा.

पाच, नोंदवहीत ज्ञान ज्याचं, नाव त्याचं.

हे कुणी बसून देणार नाही. मुंबईला परत गेल्यावर प्रत्येकानं एक काम करायचं. आपल्यातल्या प्रत्येकाला एक गाव आहे, तो कितीही वर्षं गेलेला नसो. त्या ग्रामपंचायतीला माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, एका वडापावापेक्षा कमी. विचारा, आमच्या गावात जैवविविधता समिती आहे का? त्यात कोण कोण आहेत? अनुसूचित जातीचं कोण? नोंदवहीची नक्कल द्या. नक्कल आली की गावी जाऊन म्हाताऱ्यांपुढे वाचा. आपल्या वाड्यातल्या आणि कातकरीवाडीतल्यासुद्धा. त्या सांगतील त्यात काय खोटं आहे, काय राहिलंय. ते लिहा आणि ग्रामसभेत उभं राहून वाचा. कुणी खाली बसवलं तर त्याचं नावही लिहून घ्या.

माझ्या आजीचे पाले मला फक्त सात आठवतात. तेहतीस गेले तिच्याबरोबर. हे नुकसान कुठल्या वादळानं केलेलं नाही, मी केलंय, तिच्याजवळ बसून लिहून घेतलं नाही म्हणून. तुमच्या घरी कुणी म्हातारं जिवंत असेल तर ह्या सुट्टीत जा.

एवढंच. जय भीम.